गळती दाखवा, मग पाना लावा



आटपाडीच्या माणसाला पाण्याचा हिशेब शिकवायला नको. पण जुन्या ट्रकच्या रेडिएटरचे पाणी घटले, की 'हेड खोला' हे ऐकून आपण गप्प बसतो. ज्वारी-कापसाच्या भाड्याचे पैसे तिथेच जिरतात.

आधी स्वतः पाहा. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, तोंड भाजेल. रात्री खाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग दिसला तर होजपाइप, क्लिपा, रेडिएटर, वॉटर पंप तपासा. डाग नाही, पण सांध्यावर पांढरा क्षार आहे? तिथे गरम इंजिनातच पाणी झिरपते आणि सुकते. क्लिप किंवा पाइप बदलून काम भागते.

ऑइल दुधाळ झाले, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबेना, गार इंजिन झाकण काढून चालू केल्यावर पाण्यात सारखे बुडबुडे येतात, तर गळती आत आहे. मगच हेड गॅस्केट, लायनरच्या रबरी रिंगा यांचा संशय घ्या.

१९९३ साली इथल्या पाणी परिषदेत आपण कृष्णेच्या पाण्याचा हिशेब सरकारला मागितला. मग गॅरेजात मागायला लाज कसली?