कितीपैकी किती?

पावसाळ्यात गंगापूर धरण किती टक्के भरले, ही नाशिककरांची रोजची पहिली बातमी असते. पण नुसत्या टक्क्यावर कोणी थांबत नाही. गेल्या वर्षी याच तारखेला साठा किती होता, पाणी अजून येते आहे का, विसर्ग सुरू झाला का, हे प्रश्न लगेच निघतात. धरणाचा आकडा आपल्याला वाचता येतो. आरोग्याचा आकडा मात्र आपण नुसताच ऐकतो आणि हळहळतो.

ऑगस्ट २०१७ आठवून पाहा. त्या एका महिन्यात नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात ५५ बाळे दगावली. आकडा बाहेर येताच संताप उसळला. बरीच बाळे अपुऱ्या दिवसांची होती आणि खासगी रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत आणली गेली होती, असे प्रशासनाने सांगितले. टीकाकारांनी बोट ठेवले ते १८ इन्क्युबेटरवर. एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत होती. काही आठवड्यांत चर्चा विरली.

५५ हा आकडा भयंकर आहे, पण तो एकटा काहीच सांगत नाही. पहिला प्रश्न, कितीपैकी? जिथे जिल्ह्यातील सर्वांत नाजूक बाळे पाठवली जातात, तिथे मृत्यू जास्त दिसणारच. दुसरा प्रश्न, बाळे जन्मली कुठे? त्याच रुग्णालयात जन्मलेल्या आणि बाहेरून आलेल्या बाळांचे मृत्यू वेगळे मोजले, तरच ‘उशिरा आणले’ हे उत्तर खरे की सबब, ते ठरते. तिसरा प्रश्न, कितव्या दिवशी? पहिल्या एक-दोन दिवसांतले मृत्यू बहुधा प्रसूतीच्या वेळची काळजी किंवा वाटेत गेलेला वेळ यांकडे बोट दाखवतात. आठवड्यानंतरचे मृत्यू जंतुसंसर्गाची आणि कक्षातल्या गर्दीची शंका वाढवतात. उत्तर बदलले की उपायही बदलतो. कुठे रुग्णवाहिका हवी, कुठे परिचारिका, तर कुठे जादा खाटा.

आकड्याच्या आत शिरल्याने काय साधते, हे महाराष्ट्रानेच पाहिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावोगावच्या बालमृत्यूंची नोंद घेतली. १९८८ मध्ये हजार जन्मांमागे १२१ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. त्यांनी कारणे शोधली, तेव्हा न्यूमोनिया हे मोठे कारण निघाले. मग गावातल्या माणसांनाच बाळाचे श्वास मोजायला शिकवले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालला, तर धोका. ज्या दाईंना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे साधे मोजयंत्र केले. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी सुरू झाली. २००३ पर्यंत त्या ३९ गावांतला दर ३० वर आला. २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या याच वाटेने घरी येतात. रुग्णालयात प्रसूती झाली असेल, तर ४२ दिवसांत सहा भेटी.

२०२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात हा दर १६ होता, देशाचा २८. समाधान वाटावे असाच आकडा. पण त्या १६ पैकी ११ मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले होते. म्हणजे आता लढाई प्रसूतिगृहात आणि त्यानंतरच्या चार आठवड्यांत आहे.

म्हणूनच मागणी साधी आहे. प्रत्येक नवजात कक्षाने दरमहा फलक लावावा: दाखल किती, त्यांपैकी बाहेरून आलेली किती, अडीच किलोपेक्षा कमी वजनाची किती, दगावली किती, कितव्या दिवशी आणि कशाने. या नोंदी रुग्णालयांत होतच असतात. गंगापूरचा साठा जसा रोज सांगितला जातो, तशा त्या महिन्यातून एकदा तरी नागरिकांसमोर याव्यात. पुढच्या वाईट महिन्याची वाट न पाहता.