भिंतीआडच्या वर्दीलाही कायद्याचे कवच हवे

मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे लागते. तेथील मध्यवर्ती कारागृहात १९ एप्रिल १९१० रोजी हुतात्मा अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. १९७५ च्या आणीबाणीत आपल्या असंख्य कार्यकर्त्यांनी कारावास भोगला. बंदिवानाच्या यातना आपल्याला कोणी समजावून सांगाव्यात, असे नाही. परंतु त्याच भिंतींच्या आत वर्दी घालून उभ्या असलेल्या कारागृह शिपायाचा विचार आपण कितीसा करतो?

१३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात लोकलमध्ये झालेला बॉम्बस्फोट मुलुंडकर विसरलेले नाहीत. विशेष पोटा न्यायालयाने त्या स्फोटमालिकेतील दहा जणांना दोषी ठरविले ते २०१६ साली. मधल्या काळात जे आरोपी न्यायालयीन कोठडीत होते, त्यांच्यावर अहोरात्र पहारा दिला तो कारागृह कर्मचाऱ्यांनीच. पोलीस आरोपीस पकडतात, न्यायालय निवाडा देते. त्यानंतरची वर्षानुवर्षे गुन्हेगाराच्या सान्निध्यात काढतो तो हा शिपाई. आर्थर रोड कारागृहात अधिकृत क्षमतेच्या कित्येक पट बंदी राहत आले आहेत. अशा बराकीत शिरणाऱ्याच्या हाती फार तर एक लाठी असते.

त्याच्यावर कोणी हात उगारला तर? महाराष्ट्राने २०१७ च्या दुरुस्तीने कर्तव्यावरील लोकसेवकावर हल्ला करणाऱ्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षे केली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. वसाहतकालीन चौकट मोडली गेली, हे स्वागतार्हच. मात्र तिच्या कलम १३२ मध्ये ही मर्यादा पुन्हा दोन वर्षे झाली. दुखापत केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे खरे. पण जन्मठेपेच्या बंद्याला तिचा धाक कसला? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६७ नुसार नंतरची शिक्षा त्याच्या जन्मठेपेबरोबरच चालते. अशा बंद्याने खून केला, किंवा खुनाच्या प्रयत्नात इजा केली, तर वेगळा कठोर दंड आहे. त्याखालच्या हल्ल्याला नाही.

ही उणीव दूर करणे राज्य शासनाच्या आवाक्यात आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने पाच वर्षांची तरतूद पुन्हा आणता येईल. जन्मठेपेच्या बंद्याने कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा विचार ठरावीक वर्षे पुढे ढकलला जाईल, अशी तरतूदही कायद्यातच असावी.

मानवाधिकारवादी येथे आक्षेप घेतील. जून २०१७ मध्ये भायखळा कारागृहात एका बंदिवान महिलेचा मृत्यू झाला आणि सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली, याची ते आठवण देतील. ती द्यावीच. वर्दीतील अत्याचाऱ्याला क्षमा नको, हे आम्हीही म्हणतो. परंतु काहींच्या अपराधासाठी हजारो प्रामाणिक शिपायांना निराधार सोडणे हा न्याय नव्हे. बंद्याला कायद्याचे संरक्षण आहे, तसे त्याच्या रखवालदारालाही हवे. रात्रपाळीला निघालेला शिपाई सकाळी सुखरूप घरी परतेल, एवढी हमी तरी त्याच्या कुटुंबाला समाजाने द्यायला नको का?