पुण्याचा वारसा

कोल्हापुरांत वळिवड्याच्या छावणीचा विषय निघाला कीं बोलणाऱ्याची छाती फुगते. "अतिथिधर्म आमच्या रक्तांतच आहे, पांच हजार पोलिश निर्वासितांना आम्हीं आश्रय दिला," हें वाक्य ठरलेलें. १९४३ पासून १९४८ पर्यंत ती छावणी येथें नांदली हें खरें. पण हे 'आम्हीं' कोण? गादीवर तेव्हां अल्पवयी राजा, खरी सत्ता इंग्रजांची आणि खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारचा. ज्या सामान्य कोल्हापूरकरांनीं त्या परक्या बायकामुलांना आपुलकीनें वागविलें त्यांचें सौजन्य आम्ही मानतों. परंतु त्यासाठीं कोणाचा प्राण पणाला लागला नव्हता.

प्राण पणाला लावून आश्रय देणें कसें असतें, हें पाहण्यास त्या निर्वासितांच्याच मायदेशीं गेलें पाहिजे. हे लोक बहुतांशीं कॅथॉलिक. त्याच सुमारास वॉर्सा येथें त्याच पंथाची मदर मातिल्दा गेत्तर ही आपल्या संघाच्या अनाथाश्रमांतून शेंकडों ज्यू मुलें लपवीत होती. जर्मनांनीं व्यापलेल्या पोलंडांत ज्यूला थारा देणाऱ्यास देहदंड होता. फ्रान्समध्यें आव्हों येथील शाळेचे प्रमुख फादर झाक यांनीं तीन ज्यू विद्यार्थी खोट्या नांवांनीं ठेवून घेतले. जानेवारी १९४४ मध्यें गेस्टापोनें चौघांनाहि पकडलें. मुलें आउश्वित्झला मारलीं गेलीं. फादर झाक छळछावणींतून सुटल्यावर थोड्याच दिवसांत, जून १९४५ मध्यें, वारले.

मग ज्यूंना चर्चनें वाचविलें, असें म्हणावें काय? आमच्या मतें म्हणूं नये. स्लोव्हाकियाचा अध्यक्ष योझेफ टिसो हाहि कॅथॉलिक पाद्रीच होता, आणि त्याच्या राजवटींत १९४२ सालीं सुमारें ५८ हजार ज्यू हद्दपार झाले. झगा एकच, आंतील माणूस निराळा.

उलट आमचे कांहीं विद्वान स्नेही म्हणतात, "पाद्र्यांचा डोळा बाटविण्यावर होता." हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. आईबाप आउश्वित्झला गमावलेल्या फिनाली बंधूंना त्यांच्या पालनकर्तीनें १९४८ त बाप्तिस्मा देवविला, आणि नातलगांच्या हातीं तीं मुलें लागूं नयेत म्हणून त्यांना स्पेनमध्यें पळविण्यांत पाद्र्यांचाहि हात होता. १९५३ त तीं परत मिळालीं. तें पाप ज्यांनीं केलें त्यांच्या माथीं असो. फादर झाक यांच्या माथीं तें कां मारावें? जेरुसलेमचें याद वाशेम स्मारकहि आपला मान मुख्यतः व्यक्तींनाच देतें. गेत्तर आणि झाक या दोघांनाहि तो मिळाला आहे. संस्थेच्या वांट्याला उरतो तो एकच प्रश्न: असे इतके थोडे कां निघाले?

तोच प्रश्न आम्हांलाहि लागू आहे. पुण्य वतनासारखें वारसानें मिळत नाहीं. भाड्याची खोली देण्यापूर्वीं जेथें आडनांव विचारलें जातें, आणि तें आमच्याहि घरीं विचारलें गेलें आहे, त्या गांवानें वळिवड्याचें पुण्य मिरवूं नये. महावीर उद्यानांतील पोलिश स्मारकाशीं उभें राहून अभिमान वाटावयाचाच असेल, तर आधीं घरीं जाऊन तो प्रश्न विचारणें बंद करावें.