वाळलेल्या बागांच्या वाटेने



इटलीच्या नकाशात बुटाची टाच दिसते, तो सालेंतो प्रांत. लेच्चे शहरातून मोटारीने गल्लीपोलीकडे निघालात, की दोन्ही अंगांना ऑलिव्हच्या बागा लागतात. आपला शेंगदाणा, करडई, तसे तिथले हे तेलाचे पीक. पण कित्येक बागांत आज नुसते वाळके सांगाडे उभे आहेत.

२०१३ साली तिथे झायलेला नावाचा जिवाणू सापडला. तो खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवतो. रस शोषणारा एक लहान किडा त्याला झाडोझाडी नेतो. लक्षावधी झाडे गेली. पाठोपाठ तेलघाणे बंद पडले, तोडणीची मजुरी बुडाली. गावचा सारा व्यवहार त्या एकाच झाडावर उभा होता.

रोग हटवणारे औषध अजून नाही. म्हणून तण काढून किड्याची पिल्ले मारायची आणि लेच्चीनोसारखी तग धरणारी जात लावायची, एवढेच हाती आहे.

हा रोग परदेशी कॉफीच्या रोपांतून आला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. आपल्या डाळिंबावरचा तेल्याही रोगट कलमांतून पसरतो. तेव्हा रोपे निरोगी बागेतलीच घ्या आणि सगळा संसार एकाच पिकावर टाकू नका.