पाइंटाचा हिशेब

आमचा भाचा लंडनहून पालघरला आला आणि दोन दिवस त्याचं एकच गाऱ्हाणं, ‘मामा, पबमधला पाइंट फार महाग झालाय हो!’ शेवटी त्याला बोईसरच्या एका परमिट रूममध्ये नेला आणि ऐटीत ऑर्डर सोडली, ‘दोन पाइंट!’ वेटरने दोन बाटल्या ठेवल्या. भाचा म्हणाला, ‘ह्या चाखायला का?’

लेबल वाचलं. ३३० मिलिलिटर! साहेबाचा पाइंट ५६८ चा. म्हणजे शंभरातले बेचाळीस गायब. काउंटरवर आम्ही बंडलात एक नोट कमी दिली, तर गिऱ्हाईक बँक डोक्यावर घेतं. इथे मात्र सारे चिडीचूप!

लेबलवर माप छापलेलं असतं, कबूल. पण मेनूकार्डावर नुसतं ‘पाइंट’! साहेबाकडे भाव वाढतो, पण पाइंट कायद्याने पाइंटच राहतो. आपण १९५६ साली कायदा करून शेर-पौंडांना निरोप दिला. पाइंटाचं मात्र नाव राहिलं, पोट आत गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूमचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला. बाटली वाढली का? थेंबभरही नाही!

महागाई दोन प्रकारची. भाव वाढवून आणलेली दिसते. माप मारून आणलेली घशाखाली उतरते. तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून येणाऱ्याने कोणती मोजावी? माझं म्हणणं एवढंच, की पाइंट म्हणायचं तर पाइंट द्या, नाहीतर सरळ ‘छोटी बाटली’ लिहा.

बिल आलं. ‘२ पाइंट.’ पैसे मात्र त्यांनी पुऱ्या मापाने मोजून घेतले.