संगणक, सदसद्विवेक आणि शिक्षा

‘राजकीय बंदी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चा, घोषणा आणि तुरुंगाची भिंत उभी राहते. गेल्या दोन दशकांत या चित्रात संगणकाचीही भर पडली आहे. अन्याय उघड करण्यासाठी दुसऱ्याच्या संगणकात शिरणारा माणूस गुन्हेगार की राजकीय बंदी? अमेरिकेतील जेरेमी हॅमंड यांचे प्रकरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

हॅमंड हे शिकागोचे, निदर्शनांतून घडलेले कार्यकर्ते. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी साथीदारांसह टेक्सासमधील ‘स्ट्रॅटफॉर’ या खासगी गुप्तवार्ता कंपनीच्या संगणकांत प्रवेश मिळवला. तेथील सुमारे ५० लाख ईमेल ‘विकिलीक्स’च्या हाती गेले. त्यांतून उघड झालेली एक गोष्ट आपल्या देशाशी निगडित आहे. १९८४ च्या भोपाळ वायुकांडातील पीडितांसाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांवर ही कंपनी लक्ष ठेवत होती आणि ती माहिती ‘डाऊ केमिकल’ला पुरवत होती. युनियन कार्बाइड विकत घेणारी कंपनी हीच.

मार्च २०१२ मध्ये हॅमंड यांना अटक झाली. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि १५ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने त्यांना १० वर्षांचा कारावास सुनावला. कबूल केलेल्या गुन्ह्यासाठी कायद्यातील हीच कमाल शिक्षा होती. त्यांच्याबरोबर काम करणारा एक साथीदार मात्र एफबीआयचा खबऱ्या निघाला. तो सात महिने तुरुंगात काढून सुटला. ब्रिटनमध्ये याच वर्तुळातील ‘लल्झसेक’ गटाच्या तरुणांना त्याच वर्षी झालेली सर्वांत मोठी शिक्षा ३२ महिन्यांची होती.

हॅमंड यांचे सारेच कृत्य समर्थनीय होते, असे म्हणता येणार नाही. सुमारे ६० हजार ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांची माहिती चोरली गेली आणि त्यांवर सुमारे ७ लाख डॉलरचे अनधिकृत व्यवहार झाले. त्यातील काही पैसा धर्मादाय संस्थांना दिला गेला, हे खरे. परंतु दुसऱ्याच्या खिशातून घेतलेल्या पैशाने केलेले दान हे दान नव्हे. ज्यांचे पैसे गेले, त्या सामान्य वर्गणीदारांनी भोपाळच्या पीडितांचे काहीच वाकडे केलेले नव्हते.

आपल्यापुढे महाडचे उदाहरण आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करणारे हजारो लोक दिवसाढवळ्या, उघड्या चेहऱ्याने गेले होते. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. सत्याग्रहींनी मार खाल्ला, कोणाला मारले नाही, आणि पुढे न्यायालयातील लढाही दहा वर्षे चालवून १९३७ मध्ये जिंकला. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सनदशीर मार्ग उपलब्ध असताना ते सोडू नयेत, असे बजावले, ते याच अनुभवाच्या बळावर. टोपणनावाआडून केलेल्या कृत्यात हे नैतिक सामर्थ्य येत नाही.

तथापि, या इशाऱ्याची दुसरी बाजू सत्ताधाऱ्यांनीही ऐकली पाहिजे. सनदशीर मार्गाने चालणाऱ्या भोपाळच्या कार्यकर्त्यांवरच पाळत ठेवली जात असेल आणि ती ठेवणाऱ्याला कोणी जाब विचारत नसेल, तर तो मार्ग खुला आहे असे कोणत्या तोंडाने सांगावे? चोरीची शिक्षा चोरीइतकी असावी. सत्तेची अडचण झाली म्हणून ती वाढू नये. स्वतःसाठी काही न ठेवणाऱ्याला कायद्यातील कमाल शिक्षा आणि खबऱ्याला सवलत, हा न्याय नसून धाक आहे. म्हणूनच हॅमंड यांना निर्दोष न मानताही राजकीय बंदी म्हणता येते.

आज आपली मुले संगणकावर सहज हात चालवतात. त्या हातांना कौशल्याबरोबर विवेकही लाभावा, ही आपली जबाबदारी. आणि त्यांनी उद्या प्रश्न विचारले, तर ते उघडपणे विचारता यावेत अशी व्यवस्था टिकवून ठेवणे, हीदेखील आपलीच.