शोधाला विषय गावातलाच हवा

प्राथमिक शाळेतील मुलांनी स्वतः शोध घेत शिकावे, हे आता सर्वांनाच मान्य आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच सांगितले. प्रश्न आहे तो शोधाचा विषय कसा ठरवावयाचा, हा. आज ‘प्रकल्प’ म्हणजे दुकानातून छापील चित्रे आणावयाची, वडिलांनी ती चिकटवावयाची आणि शाळेने गुण द्यावयाचे, असेच पुष्कळदा घडते. यात मुलाने विचारले काय?

नरसी नामदेवचेच पाहा. गावाजवळून कयाधू वाहते. ती पुढे पैनगंगेला मिळते, एवढे पाठ करून घेणे सोपे. पण दसऱ्याला, संक्रांतीला आणि पाडव्याला एकाच जागी काठीने पाणी मोजले, जवळच्या विहिरीशी ताडून पाहिले, तर मुलेच विचारतील, पाणी गेले कुठे? (पुराच्या दिवसांत मुलांना काठावर नेऊ नये, हे सांगावयास नकोच.) भूगोल, गणित, म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेला निबंध, सारे त्यात आलेच.

दुसरा विषय नामदेवांचा. परंपरेने येथे जन्मलेल्या, शिंप्याच्या घरातील या संताची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात कशी पोहोचली? नकाशावर नरसीपासून पंजाबातील घुमानपर्यंत दोरा ताणावा, अंतर काढावे आणि वाटेतल्या भाषा मुलांना शोधू द्याव्यात.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. तेथे शाळाच मुलांमागे गेली. आपल्याला तर नदीपर्यंतच जावयाचे आहे.

अभ्यासक्रम पुरा कधी करावयाचा, असे गुरुजी विचारतील. वर्षाला असे दोनच विषय घ्यावेत, बाकीचे पाठ नेहमीप्रमाणे चालू द्यावेत. मात्र तपासणीस येणाऱ्यांनी भिंतीवरचा तक्ता पाहण्याआधी मुलांच्या वहीतले प्रश्न वाचावेत.